जुन्या कॉम्प्युटरवरून छपाईसाठी पक्की फाईल कशी करायची? रमजानच्या वेळापत्रकाच्या निमित्ताने

रमजानचा चांद दिसायला महिना-दीड महिना उरला की कोल्हापुरातल्या बऱ्याच मोहल्ल्यांत एकच गडबड सुरू होते. सहरी-इफ्तारचं वेळापत्रक छापायचं असतं. वेळा ठरवून देणारे मौलाना असतात, कागदाचा खर्च उचलणारे असतात, मशिदीत आणि दुकानांत वाटणारी पोरंही असतात. अडतं ते टायपिंग आणि छपाईच्या मधल्या टप्प्यावर. मदरशाच्या किंवा ट्रस्टच्या ऑफिसात दहा-पंधरा वर्षं जुना कॉम्प्युटर असतो. त्यावर तक्ता व्यवस्थित दिसतो. तीच फाईल पेनड्राइव्हवर घालून प्रेसमध्ये नेली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, उर्दूची नस्तालीक जाऊन भलताच फाँट येतो, आणि शेवटचे दोन रोजे दुसऱ्या पानावर जातात.

यावर उपाय सोपा आहे, आणि त्यासाठी नवा कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही. प्रेसला टायपिंगची फाईल द्यायची नाही, छपाईची पक्की फाईल द्यायची. ती कशी करायची आणि करताना काय बघायचं, ते या लेखात आम्ही सांगतो. उदाहरण वेळापत्रकाचं घेतलं असलं तरी लग्नपत्रिका, जलशाचं पत्रक, शाळेचं हस्तलिखित, ट्रस्टचा वार्षिक अहवाल, सगळ्यांना हेच लागू आहे.

एवढी काळजी कशासाठी?

वेळापत्रक म्हणजे नुसता शोभेचा कागद नाही. घराघरांत त्यावर बघून सहरी बंद होते आणि रोजा खोलला जातो. प्रत्येक गावाचं वेळापत्रक वेगळं का असतं, हे आपण भूगोलात शिकलो आहोत. एका रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबई आणि कोल्हापूर यांच्यात सुमारे १.४ रेखांशाचं अंतर आहे. म्हणजे नुसत्या रेखांशामुळेच पाच-साडेपाच मिनिटांचा फरक. अक्षांश आणि ऋतू यांमुळे तो थोडा कमी-जास्त होतो. कोल्हापूर पूर्वेला असल्यामुळे आपल्याकडे पहाट मुंबईच्या आधी होते. कोल्हापुरात कुणी मुंबईची वेळ बघून सहरी केली तर वक्त निघून गेल्यावरही खाणं चालू राहायचं. उलट रत्नागिरी आपल्या पश्चिमेला आहे, तिथे इफ्तार आपल्यानंतर साधारण चार मिनिटांनी येते.

म्हणजे इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे. मौलानांनी बारकाईने काढलेली वेळ फाईल उघडताना एक रकाना सरकल्यामुळे बिघडली, तर ती चूक हजार कागदांवर छापली जाते आणि घरोघरी भिंतीवर महिनाभर लटकते.

टायपिंगची फाईल आणि छपाईची फाईल

वर्डमध्ये आपण जे टाईप करतो त्या फाईलमध्ये पान जसंच्या तसं साठवलेलं नसतं. त्यात साठवलेल्या असतात सूचना: हा मजकूर, हा फाँट, हा आकार, एवढं मार्जिन. फाँट मात्र बहुतेक वेळा फाईलमध्ये नसतो, तो आपल्या कॉम्प्युटरमध्ये असतो. दुसऱ्या कॉम्प्युटरला तो सापडला नाही की तो हाताशी असेल तो फाँट लावतो. अक्षराची रुंदी बदलली की ओळ बदलते, ओळ बदलली की तक्ता लांबतो, आणि पान फुटतं.

पीडीएफ फाईलचं तसं नाही. ॲडोबी कंपनीने हा प्रकार १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारला गेला. यात पान कसं दिसायचं हे ठरलेलं असतं आणि लागणारी अक्षरं फाईलमध्येच बांधून दिलेली असतात. म्हणून ती कोल्हापुरात, इचलकरंजीत किंवा दुबईत उघडली तरी सारखीच दिसते.

जुन्या कॉम्प्युटरवर छपाईच्या चौकटीत ‘प्रिंट टू फाईल’ अशी एक खूण दिसते. बरेच जण तिलाच छपाईची फाईल समजतात. त्यातून पीआरएन नावाची फाईल तयार होते. ती फक्त त्या वेळी निवडलेल्या प्रिंटरच्या भाषेत असते. आपल्या ऑफिसातल्या छोट्या प्रिंटरसाठी केलेली पीआरएन फाईल प्रेसच्या काही कामाची नाही. ती उघडून तपासताही येत नाही. तिच्या नादाला लागू नये.

मराठी अक्षरांची खिचडी का होते?

आपल्याकडे मराठी दोन तऱ्हांनी टाईप होते. एक युनिकोड, म्हणजे मंगल, निर्मला असे फाँट. यात ‘क’ हा कॉम्प्युटरच्या दृष्टीनेही ‘क’च असतो. दुसरी जुनी पद्धत: श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव वगैरे. यात कॉम्प्युटरच्या दृष्टीने आतली अक्षरं इंग्रजी चिन्हंच असतात, फाँट त्यांना फक्त मराठीचा सदरा घालतो. सदरा काढला की खाली इंग्रजी दिसतं. जुन्या ऑफिसांत आणि बऱ्याच डीटीपी सेंटरांत अजून हीच पद्धत आहे. ती वाईट आहे असं नाही, पण अशी फाईल पीडीएफ न करता बाहेर पाठवू नये.

विंडोज एक्सपीवर आणखी एक अडचण येते. तिथे भारतीय भाषांची सोय कंट्रोल पॅनेलमधल्या ‘रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन मुद्दाम चालू करावी लागते. ती चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. अशा कॉम्प्युटरवर केलेल्या पीडीएफमध्येही अक्षरं फुटलेलीच उतरणार. पीडीएफ फक्त समोर दिसतं ते बांधून ठेवते, चूक सुधारत नाही.

उर्दूची वेगळी तऱ्हा

आपल्या घरांत दखनी बोलली जाते, बाजारात आणि शाळेत मराठी, आणि मदरशात उर्दू. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये इथे मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी करून दिली, तेव्हापासून कोल्हापूरचा मुस्लिम समाज शिक्षणात दोन्ही भाषांशी नातं राखून आहे. म्हणून आपलं वेळापत्रकही दोन लिप्यांत लागतं, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

नस्तालीक लिहिताना अक्षरं तिरकी उतरत एकमेकांत गुंफली जातात. मिर्झा अहमद जमील यांनी १९८०च्या सुमारास नूरी नस्तालीक तयार केली, तेव्हा हजारो जोड-आकृत्या हाताने लिहून कॉम्प्युटरमध्ये घालाव्या लागल्या होत्या. त्याआधी उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत. इतकी बारीक रचना असल्यामुळे फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उर्दू लगेच सपाट नस्खमध्ये दिसायला लागते आणि ओळींची लांबी बदलते.

उर्दूसाठी पुढच्या चार गोष्टी बघा.

१. जुन्या इनपेजची फाईल वर्डमध्ये सरळ उघडत नाही. इनपेजमध्ये काम केलं असेल तर तिथूनच प्रिंटचा आदेश देऊन पीडीएफ प्रिंटर निवडा. तो कसा बसवायचा ते पुढे सांगितलं आहे.

२. वर्डमध्ये तक्ता उजवीकडून डावीकडे लावला की रकान्यांचा क्रम उलटतो. मराठी तक्ता उर्दूत बदलताना सहरीच्या डोक्यावर इफ्तारचं नाव तर बसलं नाही ना, हे बघा.

३. उर्दू ओळीत ‘१ - १०’ असं मध्ये जागा सोडून लिहिलं की ते ‘१० - १’ असं दिसू शकतं. त्यापेक्षा मध्ये ‘से’ हा शब्द लिहा.

४. वर्डच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये आकड्यांसाठी ‘न्यूमरल’ अशी निवड असते. ती ‘कॉन्टेक्स्ट’ किंवा ‘सिस्टीम’वर असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर आकड्यांचं रूप बदलू शकतं. ज्या रूपात हवे आहेत ते पक्कं निवडा, मग पीडीएफ करा.

कुराणची आयत छापायची असेल तर जेर-जबर सुटण्याचा धोका मोठा असतो. ती टाईप करण्यापेक्षा तपासलेल्या चांगल्या चित्राच्या रूपात लावा आणि हाफिजसाहेबांना दाखवा. महिन्यानंतर रद्दीत जाणाऱ्या कागदावर आयत न छापलेली बरी, असं अनेक आलिम सांगतात. त्याचाही विचार व्हावा.

तुमच्याकडे कोणता कॉम्प्युटर आहे?

*विंडोज १० किंवा त्यानंतरचा:* तुमचं काम सोपं आहे. कंट्रोल आणि पी दाबा, प्रिंटरच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा आणि फाईलला नाव द्या.

*विंडोज ७ आणि वर्ड २०१०:* फाईल, मग सेव्ह ॲज, आणि खालच्या यादीत पीडीएफ निवडा. विंडोज ७ मध्ये स्वतःचा पीडीएफ प्रिंटर नाही. तिथे दिसतो तो एक्सपीएस रायटर. एक्सपीएस हा वेगळा प्रकार आहे आणि प्रेसवाले सहसा तो घेत नाहीत.

*वर्ड २००७:* डाव्या कोपऱ्यातल्या गोल बटणावर सेव्ह ॲजमध्ये ‘पीडीएफ ऑर एक्सपीएस’ दिसतं का बघा. सर्व्हिस पॅक २ बसवलेला असेल तर दिसतं. नसेल तर पुढचा मार्ग घ्या.

*वर्ड २००३ किंवा त्याआधीचं:* यात पीडीएफची सोयच नाही. इथे दोन मार्ग आहेत. पहिला, लिबरऑफिस. हे मोफत आहे, वर्डच्या फाईली उघडतं आणि वरच्या पट्टीवरच पीडीएफचं बटण असतं. मात्र कॉम्प्युटर जुना असेल तर लिबरऑफिसची आवृत्तीही जुनी घ्यावी लागते. एक्सपीवर चालणारी शेवटची मालिका ५.४ होती. विंडोज ७ वर २५.८ पासून पुढच्या आवृत्त्या चालत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे क्यूटपीडीएफ किंवा डूपीडीएफ यांसारखा पीडीएफ प्रिंटर. तो एकदा बसवला की प्रिंटरच्या यादीत एक नवं नाव दिसतं. त्याला प्रिंटचा आदेश दिला की कागदाऐवजी पीडीएफ फाईल बाहेर येते. इनपेज, पेजमेकर, एक्सेल, कशातूनही हे चालतं.

ही सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. आपल्या विंडोजला कोणती आवृत्ती चालते ते तिथे वाचा. बसवताना सोबत आणखी काही बसवू का असं विचारलं तर खूण काढून टाका. एक्सपीचं सुरक्षा-पाठबळ एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज ७ चं जानेवारी २०२० मध्ये संपलं. अशा कॉम्प्युटरवरून इंटरनेटवर फिरू नये. दुसऱ्या कॉम्प्युटरवर डाऊनलोड करा, व्हायरस तपासा, मग पेनड्राइव्हने आणा.

‘एवढं कशाला, ऑनलाइन पीडीएफ करून घेऊ’ असं पोरं म्हणतात. त्यात दोन अडचणी आहेत. तिकडच्या कॉम्प्युटरवर आपली श्रीलिपी किंवा नस्तालीक नसते, त्यामुळे जो घोळ टाळायचा होता तोच होतो. वर्डची फाईल मोबाईलवर उघडून पीडीएफ केली तरी तेच. दुसरं म्हणजे ट्रस्टचे हिशेब, आधार कार्ड, निकाहनामा असले कागद अनोळखी संकेतस्थळावर चढवणं बरं नव्हे. नियम लक्षात ठेवा: ज्या कॉम्प्युटरवर टाईप केलं, त्याच कॉम्प्युटरवर पीडीएफ करायची.

पीडीएफ करण्याआधी

*कागदाचा आकार.* बऱ्याच जुन्या वर्डमध्ये पान ‘लेटर’ या अमेरिकन आकाराचं असतं: २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७ चा. म्हणजे लेटर उंचीला १८ मिलिमीटर कमी. एकोणतिसावा-तिसावा रोजा दुसऱ्या पानावर जातो तो बहुतेक यामुळेच. पेज सेटअपमध्ये ए-फोर करा, आणि पीडीएफ प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्येही ए-फोर आहे का बघा. आकार टाईप करायच्या आधी ठरवला तर सगळ्यात चांगलं.

*कड.* प्रेसमध्ये कागद छापल्यावर कापला जातो. कडेपर्यंत रंग किंवा नक्षी हवी असेल तर ती चारी बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर न्यावी लागते. वर्डमध्ये हे जमवण्यापेक्षा पांढरी कड ठेवा. वेळा आणि फोन नंबर कडेपासून किमान १० मिलिमीटर आत असू द्या.

*फोटो.* छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे ४ बाय ६ इंचाचा मशिदीचा फोटो हवा असेल तर मूळ फोटो १२०० बाय १८०० ठिपक्यांचा पाहिजे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा. पीडीएफ सेव्ह करताना ‘मिनिमम साईज’ निवडू नका, ‘स्टँडर्ड’ ठेवा.

*रंग.* पडद्यावरचा हिरवा कागदावर तसाच येत नाही, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि प्रेस चार शाईंनी. ठरावीक हिरवा हवा असेल तर प्रेसमधला छापील नमुना बघून ठरवा. वेळांचे आकडे मात्र शुद्ध काळ्यातच ठेवा. रंगीत बारीक आकडे छपाईत धूसर होतात, आणि वयस्कर माणसांना पहाटे चष्म्यातूनही दिसत नाहीत.

फाँट खरंच बांधला गेला का?

पीडीएफ झाली म्हणून काम संपलं असं समजू नका. ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाईल उघडा, कंट्रोल आणि डी दाबा, आणि ‘फाँट्स’ हा भाग बघा. प्रत्येक फाँटच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असं लिहिलेलं पाहिजे. नसेल तर वर्डमध्ये परत जा. पीडीएफ सेव्ह करायच्या चौकटीत ‘ऑप्शन्स’ दाबा आणि पीडीएफ-ए लिहिलेल्या ओळीपुढे खूण करा. लिबरऑफिसमध्येही पीडीएफ-एची खूण असते. हा प्रकार कागदपत्रं वर्षानुवर्षं जपण्यासाठी आहे आणि त्यात सगळे फाँट बांधणं सक्तीचं असतं.

मग ती फाईल ज्या मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर तुमचे फाँट नाहीत तिथे उघडा. तिथे नीट दिसली तर प्रेसमध्येही नीट दिसेल.

एक अडचण प्रेसमध्येही येऊ शकते. आपल्याकडचे बरेच डीटीपी ऑपरेटर पीडीएफ थेट छापत नाहीत, ती कोरलड्रॉमध्ये घेतात. घेताना कोरल विचारतं, मजकूर ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यायचा की ‘कर्व्ह’ म्हणून. टेक्स्ट निवडलं की कोरल पुन्हा फाँट शोधायला लागतं आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून फाईल देतानाच सांगा, ‘भाऊ, कर्व्ह करूनच घ्या.’ आणि छपाई सुरू करण्यापूर्वी एक कागदी प्रूफ मागा. एका कागदाला फार खर्च येत नाही.

शेवटची तपासणी दोघांनी करा

तरावीहमध्ये इमामसाहेब कितीही पक्के हाफिज असोत, मागे ऐकणारा सामे उभा असतो. कुठे अटकलं किंवा चुकलं तर तो लुकमा देतो. यात इमामसाहेबांचा कमीपणा नाही, कुराणची अमानत सांभाळण्याची ती पद्धत आहे. छापील कागदाला हीच पद्धत लावा. एकाने मौलानांनी दिलेला मूळ हातचा कागद घ्यावा आणि तारीख, वार, सहरी, इफ्तार मोठ्याने वाचावं. दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून बघत जावं. ज्याने टाईप केलं त्याने बोट ठेवणारा होऊ नये. त्याचे डोळे लिहिलेलं वाचत नाहीत, मनातलं वाचतात. तीस ओळींना दहा मिनिटं लागतात.

एक साधी खूण सांगतो. सहरी-इफ्तारच्या वेळा दिवसागणिक एखाद-दुसऱ्या मिनिटाने हलतात, कधी दोन दिवस तशाच राहतात. एका ओळीत अचानक पाच-दहा मिनिटांची उडी दिसली किंवा वेळ मध्येच उलटी फिरली, तर तिथे टायपिंगची चूक आहे असं समजा.

तपासून झालं की फाईलला साध्या इंग्रजी अक्षरांत नाव द्या, त्यात तारीख घाला आणि आधीच्या सगळ्या प्रती त्या पेनड्राइव्हवरून काढून टाका. प्रेसमध्ये एकाच नावाच्या तीन फाईली गेल्या तर कोणती छापली जाईल याचा भरवसा नाही. टायपिंगची मूळ फाईल मात्र ऑफिसात जपून ठेवा, पुढच्या वर्षी तिच्यावरच काम होणार आहे. पीडीएफमध्ये दुरुस्ती करायला जाऊ नका. दुरुस्ती नेहमी मूळ फाईलमध्ये करायची आणि पीडीएफ नव्याने करायची.

ऑफिसातला जुना कॉम्प्युटर या कामाला पुरेसा आहे. रमजानच्या धावपळीत हे शिकायला सवड मिळत नाही, म्हणून मोहल्ल्यातल्या आठवी-नववीच्या एक-दोन मुलामुलींना शाबानमध्येच हे शिकवून ठेवा. त्यांना कॉम्प्युटरची भीती नसते. आणि आपण टाईप केलेल्या कागदावर बघून सगळा मोहल्ला रोजा खोलतो हे कळलं, की ती पोरं आकडे आपल्यापेक्षा जास्त काळजीने तपासतात.